कोरल रीफवर (समुद्रातल्या प्रवाळांच्या रांगेवर) माझा पाय पडला. आपण पर्यटक कोरलचं नेमकं किती नुकसान करतो?

सागरवेडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

गेल्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा स्नॉर्कलिंग केलं. बोटीत आम्ही चाळीसेक जण होतो. सगळ्यांना मास्क, नळी, फिन्स आणि लाईफ जॅकेट वाटलं, मास्क कसा चढवायचा ते दाखवलं आणि सांगितलं की शिट्टी वाजली की परत या, बस्स. कशाला हात लावू नका, कशावर उभे राहू नका, खाली जे दिसतंय ते जिवंत आहे, यातलं अवाक्षरही कोणी काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पहिली पाच मिनिटं इतकी सुंदर होती की सांगता येत नाही. पिवळ्या माशांचा एक थवा अगदी नाकासमोरून वळला आणि मला फक्त माझ्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मग मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकात गेलं, मी घाबरले आणि पाय खाली सोडले. पाणी छातीएवढंच होतं त्यामुळे पाय टेकले, पण पायाखाली कर्रकन काहीतरी मोडलं, वाळकी काटकी मोडावी तसं. मास्क नीट करून परत तोंड पाण्यात घातलं तर खाली शिंगांसारख्या फांद्यांचा एक झुबका होता, तपकिरी रंगाचा, आणि मी उभी होते तिथली तीन-चार टोकं तुटून पडली होती. तुटलेल्या जागी आतून पांढरंशुभ्र, नवा खडू मोडल्यावर दिसतो तसं. आणि मग लक्षात आलं की आजूबाजूला सगळीकडेच अशी टोकं तुटलेली आहेत, काही ताजी पांढरी, काहींवर हिरवट लव आलेली. म्हणजे मी त्या जागी उभी राहणारी पहिली नव्हते. पलीकडे एकजण माशांना पाव चुरून घालत होता आणि त्याच्याभोवती माशांची झुंबड उडाली होती, सगळे त्याचेच फोटो काढत होते.

तेव्हापासून वाचत सुटलेय पण जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय. कोणी म्हणतं पर्यटकांनी रीफ संपवले, कोणी म्हणतं खरा प्रश्न समुद्र तापण्याचा आहे आणि माणसांचे पाय वगैरे त्यापुढे किरकोळ. सनस्क्रीनबद्दल तर दर दोन लेखांत दोन वेगळ्या गोष्टी. मला पुढे डायव्हिंगचा कोर्स करायचा होता, आता वाटतं करावा की नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया नीट सांगा, मला समजूत घालून नकोय, खरं काय ते हवंय.

खोल_पाणी

ताई, आधी हे लिहिल्याबद्दल आभार. मी बारा-तेरा वर्षं डाइव्ह करतोय, त्यातली चार वर्षं गाईड म्हणून काम केलंय, आणि तुमच्यासारखे पाय मी रोज बघायचो. बहुतेकांना कळतही नाही की काही मोडलं.

तुमच्या पायाखाली जे मोडलं ते झाड नाही आणि दगडही नाही. कोरल हा प्राणी आहे, म्हणजे खरं तर हजारो बारक्या प्राण्यांची वसाहत. एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात, ते खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात आणि स्वतः त्याच्या वरच्या पातळ थरात राहतात. तुम्हाला दिसलेला पांढरा भाग म्हणजे तो सांगाडा. जिवंत भाग वर कातडीसारखा असतो, अगदी पातळ, आणि त्यावर एक बुळबुळीत आवरण असतं जे त्याला गाळापासून आणि जंतूंपासून वाचवतं. त्यामुळे न मोडता नुसता हात फिरवला तरी ते आवरण निघतं आणि जखम होते, जी आपल्याला वरून दिसत नाही.

वाढीचं म्हणाल तर फांद्यावाल्या जाती वर्षाला साधारण १० सेंटीमीटरपर्यंत वाढतात आणि त्या सगळ्यात वेगवान. गोल, धोंड्यासारखे दिसणारे कोरल वर्षाला एक-दोन सेंटीमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी. म्हणजे खुर्चीएवढा गोल कोरल दिसला तर तो आपल्या आजोबांच्या वयाचा असू शकतो. एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो, फांद्यावाले कोरल वादळात तुटतात आणि तुटलेला तुकडा पक्क्या जागी अडकला तर तिथे नव्याने वाढूही शकतो, ही त्यांची पसरण्याची एक रीतच आहे. पण गर्दीच्या जागी खाली सगळा चुराच असतो, तुकडा लाटेबरोबर गडगडत राहतो, घासतो आणि मरतो.

आता डाइव्हर लोकांबद्दल, कारण तुम्ही कोर्सचं विचारलंय. सगळ्यात जास्त नुकसान हातांनी होत नाही, फिन्सनी होतं. फिन म्हणजे पायाला लावलेली दीड-दोन फुटांची पट्टी, ती आपल्या मागे असते आणि आपल्याला दिसत नाही. नवा माणूस पाण्यात आडवा राहत नाही, उभा-तिरका राहतो, पाय खाली लोंबतात, आणि प्रत्येक लाथेला एकतर कोरलला फटका बसतो नाहीतर वाळू उडून त्यावर बसते. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर संशोधकांनी डाइव्हर्सच्या मागे गुपचूप पोहत मोजदाद केली होती, २००४ मध्ये ती छापून आली, त्यात दर चारातल्या जवळपास तिघांनी एकदा तरी कोरलला धक्का लावलाच होता. कॅमेरावाले जास्त. हे मी स्वतः छाती ठोकून सांगू शकतो, कॅमेरा हातात आला की माणूस स्वतःचे पाय विसरतो, एका इंचभर गोगलगायीच्या फोटोसाठी पंख्यासारख्या पसरलेल्या अख्ख्या सी-फॅन कोरलवर गुडघा टेकलेला मी पाहिलाय.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बोटीवर नुसती दोन वाक्यं सांगून डाइव्हर्सच्या वागण्यात फरक पडला नाही. पण गाईडने पाण्याखाली जवळ जाऊन खूण करून थांबवलं तेव्हा धक्के खूप कमी झाले. आणि इजिप्तमध्ये रास मोहम्मदला मात्र चित्रं दाखवून, वेळ देऊन सविस्तर समजावलं तेव्हा फरक पडला होता. म्हणजे उरकून टाकलेलं ब्रीफिंग आणि मनापासून केलेलं ब्रीफिंग यात फार अंतर आहे. तुमच्या बोटीवर तर तेही नव्हतं. त्यात दोष तुमचा कमी आणि त्या बोटवाल्यांचा जास्त.

वारा_पश्चिमेचा

जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

पर्यटकांना धारेवर धरणं सोपं आहे कारण ते समोर दिसतात. पण आकडे बघा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ एवढ्या वेळा मोठ्या प्रमाणावर ब्लीचिंग (कोरल पांढरं पडणं) झालं. नेहमीच्या कडक उन्हाळ्यातल्या तापमानापेक्षा पाणी फक्त १ अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की पॉलिपच्या आत राहणारी शेवाळं बाहेर फेकली जातात, आणि कोरलचं बहुतेक सगळं अन्न तीच शेवाळं बनवत असतात, त्यामुळे ते पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. २०१६ मध्ये सगळ्यात जास्त कोरल कुठे मेलं तर त्या रीफच्या उत्तरेकडच्या भागात, जिथे पर्यटक जवळजवळ जातच नाहीत! तिथे कुणाचा पाय पडला होता? आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१८ च्या अहवालात तर स्पष्ट म्हटलंय की तापमानवाढ १.५ अंशावर थांबली तरी ७० ते ९० टक्के रीफ जातील आणि २ अंश झाली तर ९९ टक्क्यांहून जास्त.

दुसरं म्हणजे पैसा. रीफमुळे होणारं पर्यटन जगभरात मिळून वर्षाला ३६ अब्ज डॉलरच्या घरात आहे असा २०१७ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला रीफ जिवंत ठेवण्यात फायदा दिसला तरच तो सुरुंग लावून मासे मारणं थांबवेल. पर्यटक गेले नाहीत तर त्या रीफकडे लक्ष कोण देणार? मला वाटतं सागरवेडी यांनी अपराधी वाटून घेऊ नये, बिनधास्त कोर्स करावा.

मीठपाणी

@वारा_पश्चिमेचा, तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. मी सागरी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

उष्णता हाच सगळ्यात मोठा घाव आहे, यात वादच नाही. पण ब्लीचिंग म्हणजे लगेच मरण नव्हे. पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळं परत येतात आणि कोरल सावरतं. आजारातून उठलेल्या माणसासारखं समजा, त्याला अन्न हवं, स्वच्छ हवा हवी आणि कोणी त्रास द्यायला नको. जो रीफ मेला असेल तिथेही नवीन पिल्लं येऊन बसतात आणि भरभर वाढणाऱ्या जातींना परत उभं राहायला १० ते १५ वर्षं लागतात. आणि इथेच गोम आहे. १९८० च्या सुमारास एखाद्या रीफवर दोन गंभीर ब्लीचिंगमध्ये २५-३० वर्षांचं अंतर असायचं, २०१८ मध्ये शंभर रीफ तपासून छापलेल्या अभ्यासात ते अंतर सहा वर्षांवर आलेलं दिसलं. म्हणजे सावरायला लागतात दहा वर्षं आणि मिळतात सहा. त्या सहा वर्षांतही आपण त्याच्या अंगावर उभं राहायचं, गाळ टाकायचा, सांडपाणी सोडायचं, असं केलं तर तो उठणार कधी? उष्णता तुमच्या-माझ्या एकटीच्या हातात नाही, पण या बाकीच्या गोष्टी त्या त्या ठिकाणच्या माणसांच्या हातात आहेत, म्हणून त्या किरकोळ नाहीत.

आता पुरावा. थायलंडच्या को ताओ बेटाजवळ डाइव्हिंगची प्रचंड गर्दी असते. तिथे गर्दीच्या आणि कमी गर्दीच्या जागांची तुलना केली तर गर्दीच्या जागी रोगट कोरलचं प्रमाण तिप्पट निघालं, हा २०१४ चा अभ्यास आहे. आणि ग्रेट बॅरियर रीफवरच पर्यटकांसाठी समुद्रात कायमचे तराफे बांधलेत ना, तिथेही रोगाचं प्रमाण जवळच्या बिनतराफ्याच्या रीफपेक्षा १५ पट आढळलं. मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट कोणती वाटते सांगू का, तिथे एकूण कोरल किती टक्के आहे ते मोजलं तर फरक दिसत नव्हता. वरून बघणाऱ्याला रीफ ठीकच वाटला असता. खोल_पाणी म्हणाले तेच, जखम दिसत नाही, तिच्यातून जंतू शिरतात, आणि रोग पसरायला लागला की मग कळतं.

आणि कृपा करून पर्यटन म्हणजे फक्त पाण्यात उतरलेला माणूस असं समजू नका. त्याचं हॉटेल, त्याचं संडासाचं पाणी, त्याच्या विमानाची धावपट्टी, त्याच्या बोटीसाठी खणलेला खाडीचा तळ, हे सगळं पर्यटनच आहे, आणि माझ्या मते पायांपेक्षा यानेच जास्त रीफ गेले. कोरलला स्वच्छ, जवळजवळ उपाशी पाणी लागतं. सांडपाण्यातून नत्र आणि फॉस्फरस आला की शेवाळ फोफावतं (हे बाहेरचं मोठं शेवाळ, पॉलिपच्या आतलं नव्हे) आणि ते कोरलला झाकून टाकतं. सागरवेडी, तुम्हाला तुटलेल्या टोकांवर जी हिरवट लव दिसली ती हीच. फिलिपिन्सचं बोराकाय बेट २०१८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने पर्यटकांना पूर्ण बंद ठेवलं होतं, कारण काय तर कित्येक इमारतींचं सांडपाणी सरळ समुद्रात चाललं होतं. त्या किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या कितीजणांना वाटलं असेल की आपल्या खोलीतल्या फ्लशचा आणि समोरच्या हिरव्या पाण्याचा काही संबंध आहे?

बांधकामाचा गाळ हे तिसरं. गाळ बसला की कोरल तो स्वच्छ करण्यात ताकद घालवतं, ऊन पोचत नाही म्हणून शेवाळं अन्न बनवत नाहीत, म्हणजे खर्च वाढतो आणि कमाई थांबते.

पावाचं राहिलंच. रीफवरचे पोपटमासे वगैरे मासे दिवसभर शेवाळ खरवडून खातात, तेच त्यांचं काम, त्यामुळे नव्या पिल्ल्यांना बसायला जागा राहते. काही मोजक्या जाती मात्र पावाला सोकावतात, त्यांची दादागिरी वाढते आणि बाकीचे मासे त्या जागेवरून हटतात. दिसायला भरपूर मासे दिसतात, पण जे हवेत ते नसतात.

वारा_पश्चिमेचा

को ताओचं आणि तराफ्यांचं मला माहीत नव्हतं. सावरायला दहा आणि मिळतात सहा, हे वाक्य लक्षात राहील. पैशाबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी सोडत नाही, पर्यटन पूर्ण बंद करणं हा उपाय होऊ शकत नाही.

मीठपाणी

पूर्ण बंद करा असं मीही म्हणत नाहीये. किती, कुठे आणि कसं एवढाच माझा मुद्दा आहे.

चंदेरी

सनस्क्रीनचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, मी यावर बरंच वाचलंय.

२०१५ मध्ये एक अभ्यास आला की सनस्क्रीनमधलं ऑक्सीबेन्झोन नावाचं रसायन कोरलच्या पिल्लांना घातक आहे, त्यानंतर कायदे झाले. हवाईने २०१८ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आणली, पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने त्याआधीच १ जानेवारी २०२० पासून यादीच करून बंदी घातली, थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत. वाद कशाचा आहे तर प्रयोगशाळेत जेवढं प्रमाण वापरलं तेवढं उघड्या समुद्रात बहुतेक ठिकाणी सापडत नाही. पण उथळ, बंदिस्त खाडी, दिवसाला हजारो माणसं आणि पाणी बदलत नाही, अशा ठिकाणी ते जास्त साचतं, आणि स्नॉर्कलिंगच्या लोकप्रिय जागा नेमक्या तशाच असतात.

डब्यावर ‘रीफ सेफ’ लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका, त्या शब्दांना ठरलेला असा कायदेशीर अर्थ नाही, मागची घटकांची यादी वाचा. मी काय करते तर लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट शर्ट) आणि पायभर लेगिंग घालते, मग क्रीम लागतं फक्त चेहऱ्याला आणि हातांच्या पंज्यांना. पाठ भाजत नाही आणि पाण्यात जाणारं क्रीम एकदम कमी होतं. अंगभर थापून लगेच उडी मारणाऱ्यांचं निम्मं क्रीम तर तवंग होऊन पाण्यावरच दिसतं, एका बोटीच्या शिडीपाशी मी तो इंद्रधनुष्यासारखा तेलकट पट्टा डोळ्यांनी पाहिलाय.

परतीची_लाट

मी शास्त्रज्ञ नाही की डाइव्हर नाही, पण एक जागा दोनदा पाहिलीय ती सांगतो. थायलंडची माया बे.

पहिल्यांदा गेलो २०१६ ला. आमची स्पीडबोट खाडीत शिरली तेव्हा पुढे बोटींची रांगच रांग, इंजिनं सुरू, पेट्रोलचा वास, आणि प्रत्येक बोटीचा नांगर सरळ खाली. पाणी ढवळून दुधाळ झालेलं. मी मास्क लावून खाली बघितलं तर राखाडी चुरा पसरलेला, विटांचा ढिगारा असतो तसा, मासे जवळपास नाहीतच. तेव्हा मला वाटलं समुद्राचा तळ असाच असतो. आता वाईट याचं वाटतं की मला काही हरवलंय हेच कळलं नव्हतं. त्या काळात दिवसाला ५ हजारांपर्यंत माणसं तिथे यायची असं नंतर वाचलं.

२०१८ च्या जूनमध्ये ती खाडी बंद केली. आधी काही महिन्यांसाठी म्हणाले होते, शेवटी जानेवारी २०२२ ला उघडली. मधल्या काळात मोडलेल्या जागी कोरलचे तुकडे आणून लावले. मी परत गेलो २०२३ ला. आता बोटी खाडीत येतच नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला धक्का आहे तिथे उतरायचं, फळ्यांच्या वाटेने चालत यायचं, एका वेळेला ठराविकच माणसं, आणि पोहायला बंदी, फार तर गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. आमच्यातल्या दोघांनी कुरकुर केली की एवढ्या लांब येऊन पोहायचं नाही म्हणजे काय. आणि तेवढ्यात उथळ पाण्यात, माझ्यापासून पंधरा-वीस फुटांवर, काळ्या टोकाच्या परांची लहान शार्कची पिल्लं गेली, तीन होती, एकामागे एक. सगळा घोळका गप्प झाला. कुरकुर करणारे दोघंसुद्धा.

शार्क लवकर परतले कारण त्यांना फक्त शांतता हवी होती. कोरलला मात्र अजून बरीच वर्षं लागतील, तिथला माणूसही तेच सांगत होता. खाडी अजूनही दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात.

खोल_पाणी

@परतीची_लाट, नांगराचा उल्लेख केलात ते बरं झालं. एक नांगर टाकला की नुसता तो एक लोखंडी आकडा पडत नाही, त्याची साखळी वाऱ्याबरोबर बोट फिरेल तशी तळावर झाडूसारखी फिरते आणि गोलाकार सगळं साफ करते. शंभर पर्यटकांच्या पायांनी होणार नाही ते एक साखळी एका दुपारी करते. मोठ्या जहाजांचं तर विचारूच नका, मार्च २०१७ ला इंडोनेशियात राजा अंपत बेटांजवळ ओहोटीच्या वेळी एक क्रूझ जहाज रीफवर चढलं आणि १३ हजार चौरस मीटरहून जास्त कोरल चिरडलं गेलं, जगातल्या सगळ्यात समृद्ध रीफपैकी एकावर.

सागरवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मीठपाणी ताई, ती हिरवट लव म्हणजे काय हे कळल्यावर जास्तच वाईट वाटलं पण बरंही वाटलं की आता बघितलं की ओळखता येईल. परतीची_लाट, तुमचं वाचून एक गोष्ट जाणवली, मीही पहिल्यांदाच गेले होते त्यामुळे तो रीफ पूर्वी कसा होता हे मलाही माहीत नाही.

कोर्स करायचा की नाही याचं उत्तर मला मिळालं असं वाटतंय, करायचा, पण ज्यांच्याकडे करायचा त्यांना आधी प्रश्न विचारायचे. खोल_पाणी दादा, नेमकं काय विचारू? कारण वेबसाईटवर सगळेच ‘आम्ही निसर्गाची काळजी घेतो’ असं लिहितात.

खोल_पाणी

वेबसाईट सोडा, फोन करा आणि साधे प्रश्न विचारा. बोट कशाला बांधता? उत्तर ‘मूरिंग बॉय’ आलं तर चांगलं, म्हणजे तळाला एकदाच पक्का बसवलेला दोर आणि वर तरंगता गोळा असतो, नांगर टाकावाच लागत नाही. उत्तर ‘बघून टाकतो नांगर’ असं आलं तर फोन ठेवा. एका गाईडमागे किती माणसं? चार असतील तर तो तुमच्या पायांकडे बघू शकतो, दहा असतील तर तो फक्त डोकी मोजतो. नवशिक्यांना पहिल्यांदा कुठे उतरवता, वाळूवर की थेट रीफवर? हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे कारण ज्याला उत्तर येतं तो लगेच देतो, ज्याने विचारच केलेला नाही तो गडबडतो. हातमोजे देता का हेही विचारा. हातमोजे घातले की माणूस बिनधास्त धरतो, म्हणून कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर डाइव्हर्सना हातमोज्यांनाच मनाई आहे. तिथला किनाऱ्यालगतचा सगळा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे, नांगर टाकायची परवानगी नाही, आणि कितीही अनुभवी असलात तरी नव्याने आलात की आधी त्यांची माहिती ऐकायची, एक चाचणी डाइव्ह करायची, मगच बाकीच्या जागा. माझ्यासारख्यालाही तिथे वाळूवर तरंगून दाखवावं लागलं आणि मला ते फार आवडलं.

संख्येचंही बोला. लाल समुद्र आणि कॅरिबियनमधल्या अभ्यासांतून असा ढोबळ अंदाज निघालाय की एका जागी वर्षाला ४ ते ६ हजार डाइव्हपर्यंत रीफ तग धरतो, त्यापुढे नुकसान झपाट्याने वाढतं. मलेशियात सिपादान बेटावर २००४ अखेर सगळी रिसॉर्टं हलवली आणि मग दिवसाला १२० जणांचीच परवानगी ठेवली होती. मेक्सिकोत कोझुमेलला २०१९ मध्ये कोरलचा रोग पसरला तेव्हा नेहमीच्या गर्दीचे काही रीफ तात्पुरते बंदच केले. ज्या ठिकाणी मर्यादा आहे आणि पाळली जाते अशा ठिकाणी जा, परवाना मिळायला उशीर लागला तरी थांबा.

राहायची जागा निवडताना सांडपाणी कुठे जातं हे विचारा, हे मीठपाणी ताईंमुळे मीही आता विचारायला लागणार, आजवर मी बोटीपुरताच विचार करत होतो.

सागरवेडी

तीन ठिकाणी फोन केले आज. पहिल्याने नांगराचं ऐकून विषयच बदलला. दुसरीकडे फोन उचललेल्या मुलाला माहीत नव्हतं पण त्याने ‘विचारून सांगतो’ म्हणून खरंच तासाभराने परत फोन केला. तिसरीकडच्या बाई वाळूच्या प्रश्नावर इतक्या खुश झाल्या की वीस मिनिटं बोलल्या, पहिले दोन दिवस पूल, मग वाळूचा तळ, आणि जागच्या जागी पाच मिनिटं न हलता तरंगता आलं की मगच रीफ असं म्हणाल्या. तिथेच नाव घातलंय.

एकच शंका उरली. माझं सगळं सुरू झालं ते मास्कमध्ये पाणी गेल्यामुळे. परत तसं झालं तर करायचं काय, पाय खाली न टेकता?

खोल_पाणी

स्नॉर्कलिंग करताना असाल तर पाय अजिबात खाली सोडू नका, उलट गुडघे पोटाशी घ्या आणि पाठीवर वळा. लाईफ जॅकेट असेल तर आपोआप तरंगाल. चेहरा आभाळाकडे आला की घाई नाही, मास्कची खालची कड हनुवटीच्या बाजूने जराशी उचला, पाणी ओघळून जाईल, केस अडकले असतील तर काढा, परत बसवा, दोन श्वास घ्या आणि मग वळा. डायव्हिंगमध्ये हे पाण्याखालीच करायचं असतं, मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. पूलमध्ये हे दहा-वीस वेळा मुद्दाम मास्क भरून करा, त्या बाईंना सांगा की मला हेच आधी शिकवा.

सागरवेडी

शनिवारपासून पूल सुरू होतोय. मास्कपासूनच सुरुवात करते.